सांजवातीचा कॉम्प्युटर

या जगात दुरुस्त होत नाही असं काहीही नाही.

हे वचन कुठल्या संतमहात्म्याचं नाही. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात 'वाल्मीक कॉम्प्युटर्स, झेरॉक्स व लॅमिनेशन' नावाचं दुकान आहे, त्याच्या काचेवर ते लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. काच बरोबर 'दुरुस्त' या शब्दावर तडकलेली असून तिला खाकी चिकटपट्टी लावलेली आहे. चिकटपट्टीचं एक टोक सुटलंय, ते वाऱ्याला फडफडत असतं. दुकानाचं शटर निम्म्यावर अडकतं, त्यामुळं आत जाणाऱ्या माणसाला वाकावंच लागतं. मालक वाल्मीक त्याला नमस्कार समजतो आणि मान हलवून तो स्वीकारतो.

मातोरीच्या बहिरूच्या घराला यंदाच्या नवरात्रात हे वचन खरं निघायला हवं होतं. निदान एकदा.

बहिरूचं घर झेंडूवाल्यांचं. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत त्या घरात कुणी आजारी पडत नाही, कारण तेवढी सवड नसते. पण यंदा घट बसले तसा परतीचा पाऊसही बसला आणि उठायचं नाव घेईना. फुलं झाडावरच पाणी पिऊन जड झाली, माना टाकून उभी राहिली, देठाशी काळी पडू लागली. सकाळी वाफ्यात शिरलं की घोट्यापर्यंत चिखल, वर पाठीवर खताच्या गोणीची खोळ, आणि तोडून तोडून बोटांची टोकं पिवळी व्हायच्या ऐवजी तपकिरी.

त्याच आठवड्यात समाधानचा कॉम्प्युटर बिघडला.

समाधान हा बहिरूचा आणि अंबूबाईचा एकुलता एक मुलगा. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं घ्यायचा. गेल्या वैशाखात पेठ रोडचं एक लग्न उरकून मोटरसायकलवर परत येत होता आणि पुढं चाललेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. एवढंच. कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत होता, त्याला ओरखडासुद्धा आला नाही. तो भाड्याचा होता. ज्याचा होता तो दहाव्याला आला, कॅमेरा उलटासुलटा करून बघितला, चहा घेतला आणि घेऊन गेला. कॉम्प्युटर मात्र घरचा होता. तो राहिला.

समाधानची कामाची खोली पत्र्याची होती आणि पावसाळ्यात गळायची. म्हणून अंबूबाईनं कॉम्प्युटर उचलून माजघरात आणला. माजघरात कोरडी भिंत एकच, आणि तिथं देव्हारा. मग तो देव्हाऱ्याशेजारी बसला. देवांना कुंकू लावताना शेजारी बसलेल्याला टाळून कसं चालेल? पहिल्यांदा नुसतं बोट टेकवलं. मग एक फूल. मग चार अक्षता. मग उदबत्ती ओवाळताना हात आपोआपच तिकडंही फिरू लागला. डब्याच्या अंगाला बारीक जाळी होती, तिच्यात उदबत्तीची काडी छान उभी राहायची.

सांजवात लावली की अंबूबाई त्याचं बटण दाबायची. निळा दिवा लागायचा आणि आत पंखा घुमायचा. समाधान काम करत बसला की घरभर ऐकू यायचं, तेच हे घुमणं. आरती होईपर्यंत ती त्याला घुमू द्यायची. कापूर विझला की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खटकन बंद. मग बहिरू उठायचा आणि त्याच्यावर गोधडी घालून चारी बाजूंनी नीट खोचायचा.

"धूळ बसती," तो म्हणायचा. त्याला कुणी विचारलेलं नसायचं.

हे काही बरोबर चाललेलं नाही, हे सून प्रतिभाला कळत होतं. समाधान कॉम्प्युटर बंद करायचा तेव्हा कसा थांबायचा, पडदा काळा झाल्याशिवाय बोर्डाला हात लावू द्यायचा नाही, हे तिनं बघितलेलं होतं. पण सांजवातीच्या वेळी सासूचा हात धरणं तिच्यानं झालं नाही. तीसुद्धा हात जोडून उभी राहायची.

दुसऱ्या माळेला अंबूबाईनं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा कुरकुरत घुमला, पडद्यावर कंपनीची खूण उमटली. मग सगळा पडदाच निळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी आलं आणि सगळं गप्प. आपलं आपणच पुन्हा चालू. पुन्हा खूण, पुन्हा निळं, पुन्हा गप्प.

"अहो, हा उठू राह्यला अन् पडू राह्यला," अंबूबाई म्हणाली.

बहिरू दारात पायाचा चिखल काढत होता. तो आत येऊन बघत उभा राहिला. आरती तशीच राहिली.

"थकला असंल," तो म्हणाला. "गोधडी घालू का?"

दुसऱ्या दिवशी मळ्यात या आजारावर बरीच चर्चा झाली. बांधापलीकडचा हिरामण छत्री घेऊन आला. शेजारच्या घरातल्या दुखण्यावर बोलायला तो नेहमी छत्री घेऊन येतो, म्हणजे उभ्यानं बोलता येतं आणि कामाला हात लावावा लागत नाही.

"दमट धरली असंल त्यानं," हिरामण म्हणाला. "कांद्याच्या चाळीत ठेव दोन दिस. वारं लागंल."

"कांदे सडू राह्यले ना भो तिथं," दत्तू म्हणाला. दत्तूची पिकअप होती, गावचा माल तोच बाजारात न्यायचा. "लाइटीचा प्रॉब्लेम हे. आपल्या डीपीवर माझा मिक्सर पण असाच रडतो."

"मिक्सर अन् कॉम्प्युटर एक आसतं का, येड्या?"

"आत मोटरच ना दोघांच्या?"

प्रतिभा पलीकडच्या सरीत वाकून तोडत होती. ती तशीच वाकलेली बोलली, "आत्या, आता ते बटण दाबू नका. काहीच करू नका त्याला."

"का गं?"

"त्याच्यात त्यांचा आवाज हे."

अंबूबाईनं हातातलं फूल क्रेटात टाकलं नाही, ओच्यातच धरून ठेवलं. प्रतिभा सासूला आत्या म्हणायची आणि सासऱ्याला मामा. समाधान गेल्यापासून मात्र तिन्ही माणसं एकमेकांना फारसं काहीच म्हणत नव्हती.

समाधान घरात बोलायचाच कमी. मोबाइल त्याच्याबरोबर ट्रॉलीखाली गेला होता. प्रतिभाच्या मोबाइलात त्याचे सगळे मेसेज होते, पण 'जेवायला येताय का' याला अंगठा, 'भाजी आणा' याला अंगठा आणि 'आज आपल्या लग्नाचा वाढदिवस' याला दोन अंगठे. एवढाच संसार त्याच्यात शिल्लक होता. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं शूटिंग त्याच्या एका मित्रानं फुकट केलं होतं, आणि फुकट केल्यामुळं ते कधी हातात पडलं नव्हतं.

"पेनड्राइव्ह हे ना आपल्याकडं!" हिरामण म्हणाला. "आमच्या सरिताच्या लग्नाचा. समाधाननंच तर काढलेलं. या संध्याकाळी, लावू टीव्हीवर."

संध्याकाळी तिघंही हिरामणच्या घरी गेली. अंबूबाई सांजवात लावून आली, पण बटणाला तिनं हात लावला नाही. हिरामणनं सतरंजी टाकली, शेंगा ठेवल्या आणि लग्न सुरू झालं. हळदीला गाणं होतं. वरातीला गाणं होतं. हिरामण फेटा बांधून मांडवात शिरला, तर त्यालाही एका पोलिसाच्या सिनेमातलं संगीत लावलेलं होतं.

"ही माझी एंट्री," हिरामण म्हणाला. मग त्याला वाटलं आपण हे बोलायला नको होतं. तो शेंगा सोलू लागला.

मंगलाष्टका सुरू झाल्या, त्याही कुठल्यातरी गायिकेनं स्टुडिओत म्हटलेल्या. भटजीचं तोंड हलत होतं आणि आवाज बाईचा येत होता. पंगत, आहेर, पाठवणी. सरिता रडत होती आणि सनई रडत होती, पण सरिताचं रडणं ऐकू येत नव्हतं. एकदाच, मांडवाच्या पांढऱ्या कापडावर एका माणसाची सावली पडली. डोळ्याशी कॅमेरा, एक कोपर वर. सावली सरकत गेली आणि गर्दीत मिसळली.

"मागं घे," बहिरू म्हणाला.

हिरामणनं मागं घेतलं. सावली पुन्हा आली, पुन्हा गेली.

"ते मूळचा आवाज काढून टाकायचे," प्रतिभा म्हणाली. "लोकांना गाणी लागतात. मूळचं असतं, त्याच्यात ते बोलायचे ना सगळ्यांशी. इकडं बघा, तिकडं बघा. दिवसभर बोलायचे. ते सगळं कॉम्प्युटरात हे. त्यांनी कधी काही पुसलं नाय."

"बाहेर एवढं बोलायचा?" अंबूबाईनं विचारलं.

"लय."

घरी येताना अंधार होता आणि रस्ता निसरडा होता. प्रतिभा सासूचा दंड धरून चालत होती. मधेच ती म्हणाली, "आत्या, एक सांगू? मला त्यांचा आवाज आठवत नाय आता. चेहरा येतो. हात येतात. आवाज नाय येत."

अंबूबाईनं लुगड्याचा काठ चिखलातून वर उचलला.

"मला येतो ना," ती म्हणाली. आणि घराजवळ आल्यावर, चप्पल काढता काढता, "पण तो पहिलीतला येतो. पाढे म्हणायचा तो. त्याच्या पुढचा नाय येत."

सातव्या माळेला पहाटे फुलं भरली. भिजलेली फुलं क्रेटात तळाला दबली की चिखल होतात, म्हणून बहिरूनं खाली पेंढा घातला. दत्तूच्या पिकअपमध्ये क्रेट रचले. मग कॉम्प्युटर आला. पुढं केबिनमध्ये दत्तू, अंबूबाई आणि प्रतिभा बसली की जागा उरत नव्हती. बहिरू मागं फुलांवर बसला आणि त्यानं गोधडीत गुंडाळलेला डबा मांडीवर घेतला. वरून पाऊस नको म्हणून गोधडीवर लाल मेणकापड टाकलं, आणि ते उडू नये म्हणून अंबूबाईनं त्याला झेंडूच्या माळेनं बांधलं. दुसरी दोरी हाताशी नव्हती.

मखमलाबाद नाक्यावर गाडी थांबली तेव्हा एका मोटरसायकलवाल्यानं हात जोडले. मग त्याच्यामागच्या बाईनं जोडले. एक म्हातारा रस्ता ओलांडून पुढं आला, मेणकापडाला डोकं टेकवलं आणि बहिरूला विचारलं, "कुठल्या मंडळाची?"

बहिरूनं गोधडी सावरली. "घरचीच हे," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं मेणकापडावर एक नाणं ठेवलं. बहिरूनं ते वाल्मीकच्या दुकानापर्यंत पडू दिलं नाही. तिथं ते कुणाला द्यावं हे न कळून त्यानं खिशात टाकलं आणि दिवसभर त्याला ते टोचत राहिलं.

वाल्मीकच्या दुकानात सगळे वाकून शिरले. वाल्मीकनं मान हलवली.

"काय होतंय?"

"उठतो अन् पडतो," अंबूबाई म्हणाली.

"चालू होतो आणि मधेच निळा पडदा येऊन बंद पडतो," प्रतिभा म्हणाली. "परत आपोआप चालू, परत बंद."

"काही नाही, ताई. रॅम." वाल्मीकनं ड्रॉवरमधून शाळेतल्या मुलांचं असतं तसलं खोडरबर काढलं. "मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनीअर मशीनच बदला म्हणतात. आपण खोडरबर मारतो आणि पळवतो." डब्याच्या बाजूचं झाकण त्यानं फटीएवढंच सरकवलं, आत हात घालून एक हिरवी पट्टी ओढली, तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासलं, फुंकर मारली आणि पट्टी परत बसवली. "आता बघा."

खूण उमटली. तिघंही पुढं झुकली. पडदा निळा झाला.

"मग विंडोज मारावी लागेल."

"मारायची म्हणजे?" बहिरूनं विचारलं.

"म्हणजे, बाबा, आतलं सगळं पुसायचं आणि नवीन टाकायचं. नव्यासारखं चालेल."

"पुसू नको," बहिरू म्हणाला. एवढ्या जोरात म्हणाला की बोळातून जाणारा हातगाडीवाला थांबला.

"काहीच पुसायचं नाय, दादा," प्रतिभा म्हणाली. "आतलं जे हे तेच पाहिजे आम्हाला. कॉम्प्युटर नाय चालला तरी चालंल."

वाल्मीकनं उसासा टाकला, डबा आडवा केला आणि झाकण पुरतं काढलं. मग त्यानं शेजारच्या रसवंतीवाल्याला हाक मारली, "अरे सहादू, इकडं ये लवकर. देवी निघाली."

सहादू हात पुसत आला. बोळातले आणखी दोघं आले. आत कुंकवाचा लाल थर बसला होता. तुपाच्या काजळीनं तारा काळ्या पडल्या होत्या. तळाला अक्षता, उदबत्तीची राख, सुकलेल्या पाकळ्या आणि एक अर्धवट जळालेली फुलवात. पंख्याच्या दांडीला माळेचा दोरा गुंडाळून गुंडाळून घट्ट गाठ झाली होती आणि पात्यात झेंडूचं एक अख्खं फूल अडकलेलं होतं.

"मावशी, नारळ कुठं फोडला ते सांगा," वाल्मीक म्हणाला. "पाणी कुठवर गेलंय ते बघावं लागेल."

लोक हसले. सहादूनं मोबाइल काढून फोटो घेतला. अंबूबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, इतका की नाकाचं टोकच तेवढं दिसत राहिलं.

"मी केली पूजा," बहिरू म्हणाला. "ती नको म्हणत होती. मीच."

"आणि बंद कसा करायचात, बाबा?"

"बोर्डावरून."

"रोज?"

"सांजवातीला चालू अन् आरती झाली की बंद. मग गोधडी घालायचो."

"तापलेल्यावर गोधडी!" वाल्मीकनं कपाळाला हात लावला. "रोज चालत्या गाडीची चावी काढायची, आणि वरून पांघरूण. अहो, आतली डिस्क फिरत असते हो! लिहिता लिहिता माणसाचा हात तोडल्यासारखं आहे ते. खराब झाला म्हणता? हा इतके दिवस टिकला, त्याचाच फोटो काढायला पाहिजे."

"आमचे गेले वैशाखात," प्रतिभा म्हणाली. "त्यांचा हे हा."

सहादूनं मोबाइल खिशात घातला आणि त्याच्या रसाच्या यंत्राकडं कुणीतरी आलंय असं म्हणाला. कुणीही आलेलं नव्हतं. वाल्मीक उठला, शर्टाला हात पुसले, ब्लोअर घेतला आणि डबा उचलून बोळात नेला. त्यानं बटण दाबलं, वारा उलटा फिरला आणि आतलं सगळं कुंकू त्याच्याच तोंडावर, भुवयांवर, पांढऱ्या शर्टावर आलं. तो लालभडक होऊन परत आत आला. या वेळी कुणी हसलं नाही. मघाशी हसले ते सगळे गेले होते.

"हा उठायचा नाही आता," तो म्हणाला. "पण डिस्क काढून माझ्या मशीनला लावतो. ती टकटक आवाज करतेय, म्हणजे तिचंही काही खरं नाही. जेवढं निघेल तेवढं निघेल. तुम्ही बाहेर माल विकून या. इथं बसून तिच्याकडं बघू नका."

बोळाच्या तोंडाशी, जिथं रिक्षा वळतात तिथं, त्यांनी क्रेट मांडले. पाऊस थांबला होता आणि सगळा बाजार वाफ टाकत होता. अंबूबाईची जागा दरवर्षी तिथलीच. तिचा ओरडा पार नदीच्या पायऱ्यांपर्यंत जायचा, असं लोक म्हणायचे. आज ती क्रेटामागं गोणपाटावर बसून राहिली आणि हात मांडीवर ठेवले. ओरडली नाही.

"फुलं भिजवून आणली का वजनाला?" एका गिऱ्हाइकानं फूल दाबून पाणी काढून दाखवलं.

"देवानंच भिजवली, साहेब," बहिरू म्हणाला.

"मग देवालाच वाहा."

तो पुढं गेला. प्रतिभा उठली. तिनं कधी बाजारात ओरडून विकलं नव्हतं. पदर खोचला, घसा खाकरला आणि पहिली हाक इतकी बारीक निघाली की शेजारच्या कोथिंबीरवालीनंही वळून बघितलं. दुसरी जरा बरी निघाली. तिसरीला एक बाई थांबली. माळा करून घ्या, आतली फुलं कोरडी आहेत, असं प्रतिभा सांगू लागली आणि वरची भिजकी बाजूला करून खालची काढून देऊ लागली.

"मीच मारला त्याला," अंबूबाई म्हणाली. ती कुणाला सांगत नव्हती, क्रेटाकडं बघून बोलत होती. "वाती लावून लावून मारला."

बहिरू तिच्याजवळ उकिडवा बसला. "गोधडी तर मी घालायचो," तो म्हणाला.

बहिरूनं सडकी फुलं निवडायला घेतली. थोड्या वेळानं अंबूबाईचाही हात त्यात आला. निवडलेली फुलं जास्त भरत होती की टाकलेली, ते बघायचं दोघांनी टाळलं.

दुपार कलताना वाल्मीक स्वतःच बोळाच्या तोंडाशी आला. भुवया अजून लाल होत्या. "चला," एवढंच म्हणाला. दत्तूला क्रेटांपाशी बसवून तिघं त्याच्यामागं गेली आणि वाकून आत शिरली.

त्याच्या मशीनवर समाधानची फोल्डरं कपाटांसारखी ओळीनं दिसत होती. प्रत्येकावर नवरीचं नाव. प्रतिभा एकेक वाचत होती. वाल्मीकनं पहिलं उघडलं, आत व्हिडिओ होते, त्यानं टिचकी मारली. उघडेना. दुसरं. उघडेना. तिसरं उघडलं तर नुसते हिरवे-जांभळे चौकोन नाचले आणि बंद पडलं. डिस्क टेबलावर उघडी पडलेली होती आणि आत कुणीतरी नखानं दार वाजवावं तसं वाजत होतं.

"नावं आलीत," वाल्मीक म्हणाला. "आतला माल नाही आला."

तो खाली खाली जात राहिला. बहिरूनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दुकानात एकच प्लास्टिकची खुर्ची होती, तीवर अंबूबाई अगदी पडद्यासमोर बसली होती. नाव आलं की ती मान पुढं न्यायची, आणि उघडलं नाही की तेवढीच मागं आणायची.

"सरिता," प्रतिभानं वाचलं. "हिरामणकाकाची."

वाल्मीकनं टिचकी मारली. एक नाही. दुसरं नाही. तिसरं उघडलं.

पहिल्यांदा नुसतं गवत दिसलं, चपला दिसल्या, सतरंजीची कड दिसली. बँडचा कल्लोळ होता, कुणी तरी कुणाला तरी आइस्क्रीमच्या बादल्या कुठं ठेवल्या म्हणून ओरडत होतं. त्या व्हिडिओला गाणं लावलेलं नव्हतं. चित्र हिसका खाऊन वर उचललं गेलं. मांडव, दोन खुर्च्या, वर फुलांची कमान, आणि खुर्चीत बसू लागलेली नवरी. तेवढ्यात कडेनं एक हिरवं लुगडं आत शिरलं आणि सगळा पडदा त्यानं भरून गेला. कमरेवर टोपली, टोपलीत हार. अंबूबाईच होती. मांडवातल्या फुलांचं काम तिच्याकडं होतं. कमानीतला एक सुटलेला झेंडू ती टाचा उंचावून खोचत होती आणि तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि अगदी जवळून, जणू दुकानातच खांद्याशी उभं राहून, कुणीतरी म्हणालं,

"ए आई. आई! अगं, जरा बाजूला सर ना. मागं नवरी झाकली जाऊ राह्यली."

पडद्यावरच्या अंबूबाईला ते बँडच्या आवाजात ऐकू गेलं नाही. ती खोचत राहिली. चित्र तिथंच गोठलं आणि बंद पडलं.

"हाच," प्रतिभा म्हणाली. तिनं तोंडावर हात धरला होता, त्याच्याआडून म्हणाली. "हाच. असाच होता."

बहिरू टोपी घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा घडी करत होता.

"एवढंच निघतंय," वाल्मीक म्हणाला. "बाकी नाही. हे एवढं मी जपून दुसरीकडं घेतलंय." मग त्यानं विचारलं, "परत लावू?"

त्यानं परत लावलं. गवत, चपला, मांडव, हिरवं लुगडं. ए आई. आई! अगं, जरा बाजूला सर ना.

अंबूबाई खुर्चीवरून उठली. खुर्ची उचलून तिनं भिंतीकडं नेली, स्वतःही भिंतीला चिकटून, अंग चोरून उभी राहिली. तिथून तिला पडदा दिसत नव्हता. पदरानं तिनं एकदा नाक पुसलं.

"भाऊ," ती वाल्मीकला म्हणाली, "जरा बघून सांगा ना. आता दिसती का नवरी?"